‘७ ते ४’ ठिपक्यांच्या रांगोळीत घनसंख्या कशा?

प्रश्न
दिवाळीत ‘७ ते ४’ ठिपक्यांची रांगोळी काढली. मधल्या ओळीत ७ आणि दोन्ही बाजूंना ६, ५, ४ असे, आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत एक याप्रमाणे ठिपके दिले, तेव्हा एकूण ३७ भरले. ‘३ ते २’ मध्ये ७ आणि ‘५ ते ३’ मध्ये १९ येतात. एकट्या ठिपक्यापासून बेरीज करत गेल्यास १, ८, २७, ६४ असे ओळीने घन मिळतात. सपाट रांगोळीत घन कुठून आले?

प्रतिसाद १
मधल्या ठिपक्याभोवती ६, १२, १८ अशी कडी वाढत असल्याने क-व्या रांगोळीत ३क² − ३क + १ ठिपके असतात. क³ मधून (क − १)³ वजा केल्यावर हीच राशी उरते, त्यामुळे बेरजेत मधली पदे उडून क³ शिल्लक राहतो.

प्रतिसाद २
सिद्धता बिनचूक आहे. परंतु ‘कुठून’ याचे उत्तर डोळ्यांना दिसू शकते. ३×३×३ रुबिक क्यूबचा एक कोपरा थेट डोळ्यासमोर धरा आणि दिसणारे तुकडे मोजा. कडेचा तुकडा दोनदा मोजू नये (माझे पहिल्यांदा त्यामुळेच २७ झाले होते): एका बाजूचे ९, दुसरीचे उरलेले ६, तिसरीचे ४, मिळून १९. कोपऱ्याचा तुकडा हा मधला ठिपका, त्याभोवती ६, त्याबाहेर १२. हा थर सोलून काढला, तर मागे २×२×२ चा घन राहतो. त्याचा थर ७ तुकड्यांचा, आणि शेवटी उरतो १.

प्रश्नकर्ती
मुलीच्या लाकडी ठोकळ्यांचा ४×४×४ घन रचला आणि दिसणाऱ्या प्रत्येक ठोकळ्याच्या आपल्याकडील कोपऱ्यावर टिकली लावली. टिकल्या ३७ लागल्या. एक डोळा मिटून कोपऱ्याच्या रोखाने पाहिल्यावर ४, ५, ६, ७, ६, ५, ४ या ओळी स्पष्ट दिसल्या.

प्रतिसाद ३
पूर्णांक-क्रमिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात हा क्रम ‘ए००३२१५’ या क्रमांकाने नोंदलेला आहे. त्यातील आठवी संख्या १६९, म्हणजे १३ चा वर्ग. ‘१५ ते ८’ चे ठिपके १३ ओळींच्या चौकोनातही मांडता येतात. असा योग पुन्हा थेट १०५ व्या संख्येला, ३२,७६१ ठिपक्यांवर येतो. तेवढे अंगण मात्र आमच्याकडे नाही.