मदत हवी आहे : बॉयलर, एक्झॉस्ट आणि व्हॅक्यूम पॅनचे दाब एकाच एककात आणताना तापमान जुळत नाही

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, मी वाफ आणि वीजनिर्मिती विभागात काम करतो. हंगामापूर्वी सर्व ठिकाणचे दाब एकाच तक्त्यात, निरपेक्ष (म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेल्या) किलोपास्कलमध्ये मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे, जेणेकरून प्रत्येक ठिकाणच्या संपृक्त वाफेचे तापमान (म्हणजे त्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळते ते) स्टीम टेबल या दाब-तापमानाच्या तक्त्यावरून थेट काढता येईल. बॉयलर ड्रमचा आणि एक्झॉस्टचा (टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा) गेज किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहे, हवेच्या कॉम्प्रेसरचा पीएसआयमध्ये, व्हॅक्यूम पॅनचा (कमी दाबाखाली उकळण्याच्या भांड्याचा) पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आणि भट्टीच्या ड्राफ्टचा (हवेच्या ओढीचा) पाण्याच्या मिलिमीटरमध्ये. कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र बहुतेक सगळे बारमध्ये दिसते.

गुणक मला माहीत आहेत आणि ते मी तपासूनही घेतले आहेत : १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ९८.०६६५ किलोपास्कल, १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, १ पीएसआय म्हणजे ६.८९४७६ किलोपास्कल आणि पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे १३३.३२२ पास्कल. गेजच्या दाबात मी १०१.३२५ किलोपास्कल वातावरणीय दाब मिळवतो आणि व्हॅक्यूम असेल तर त्यातून वजा करतो.

आमचे फोरमन यांतले काहीच करत नाहीत. बॉयलरच्या गेजवर ४५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दिसले की ते स्टीम टेबलमध्ये ४५ बारची ओळ पाहतात आणि २५७.४ अंश सेल्सिअस सांगतात. माझ्या रीतसर हिशेबाने ४५१४ किलोपास्कल आणि २५७.६ अंश येतात, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण पहिल्या इव्हॅपोरेटरच्या कॅलेंड्रियावर (वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या भागावर) १.० किलो दाब असताना त्यांच्या पद्धतीने ९९.६ अंश येतात, माझ्या पद्धतीने १२०.१ अंश येतात आणि तापमापक ११९ अंश दाखवतो. पॅनमध्ये तर माझाही हिशेब कोलमडतो. पाण्याच्या ट्रायलमध्ये व्हॅक्यूम ६४० मिलिमीटर होता. ७६० मधून ६४० वजा केल्यास १२० मिलिमीटर उरतात आणि त्या दाबाला पाणी सुमारे ५५.३ अंशांना उकळायला हवे, परंतु पृष्ठभागाजवळचा तापमापक ४५ अंशांच्या वर गेला नाही. तापमापक बदलून पाहिला, तरी तेच.

माझे प्रश्न असे की बॉयलरवर चालणारी फोरमनची पद्धत इतरत्र का चालत नाही, पॅनच्या हिशेबात दहा अंशांची तफावत कुठून येते, आणि हवामानाच्या ॲपवर आमच्या गावाचा दाब १०११ हेक्टोपास्कल दिसत असताना १०१.३ किलोपास्कल हा आकडा धरण्यात काय वावगे आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमचे गुणक बरोबर आहेत, त्यांत हात घालू नका. प्रश्न शून्य कुठे धरला आहे याचा आहे. साधा बूर्डन (वाकवलेल्या नळीचा) गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो आणि ती बाहेरची हवा म्हणजे तुमच्या कारखान्यातली हवा, पाठ्यपुस्तकातली नव्हे. १०१.३२५ किलोपास्कल ही प्रमाण वातावरणाची ठरवून घेतलेली किंमत आहे. १९५४ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिची व्याख्या केली. ५५० मीटर उंचीवर प्रमाण वातावरणाच्या सूत्रानुसार दाब सुमारे ९४.९ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ७१२ मिलिमीटर असतो. ७१२ मधून ६४० वजा करा. उरलेल्या ७२ मिलिमीटरना पाणी ४५ अंशांना उकळते. तुमचा तापमापक निर्दोष आहे आणि जुनाही बहुधा निर्दोषच होता.

ॲपवरचा आकडा हा मोठा चकवा आहे. निरनिराळ्या उंचीवरच्या केंद्रांची तुलना करता यावी आणि समभार (समान दाबाच्या) रेषा काढता याव्यात म्हणून हवामान खात्यांच्या नकाशांत व ॲपमध्ये दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. महाबळेश्वर असो वा मालवण, आकडा हजाराच्या आसपासच दिसतो, तो यामुळे. तुम्हाला हवा तो केंद्रस्तरीय, म्हणजे त्या जागेवरचा प्रत्यक्ष दाब. तो वेधशाळेच्या नोंदीतून मिळतो किंवा ज्या मोबाइलमध्ये वायुदाबाचा संवेदक आहे, त्याच्या कच्च्या वाचनावरून पुरेसा अंदाज येतो. ऋतूनुसार त्यात थोडा फेर पडतो, पण उंचीमुळे पडलेल्या ६.४ किलोपास्कलच्या फरकापुढे तो किरकोळ आहे.

प्रतिसाद २

फोरमनसाहेबांच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण तिच्यातली गंमत वरच्या उत्तरात राहून गेली आहे. ते एकाच वेळी दोन गोष्टी सोडून देतात. किलोला बार मानल्यामुळे दाब सुमारे १.९७ टक्क्यांनी जास्त धरला जातो आणि वातावरणीय दाब न मिळवल्यामुळे तो ०.९४९ बारने कमी धरला जातो. ४५ किलोवर पहिली चूक ०.८७ बार होते, दुसरी ०.९५ बार, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध दिशेच्या असल्यामुळे जवळजवळ फिटतात. खरा निरपेक्ष दाब ४४.१३ अधिक ०.९५, म्हणजे ४५.०८ बार आहे आणि ते ४५ बारची ओळ वाचतात. तुमच्या उंचीवर ४९ किलोच्या आसपास तर हा हिशेब तंतोतंत जुळेल. त्यांचा बॉयलर नेमका या टापूतला असल्यामुळे ही पद्धत इतकी वर्षे खपून गेली आणि तिच्यावर विश्वास बसला, यात नवल नाही.

दाब उतरत गेला की पहिली चूक त्या प्रमाणात आटते, दुसरी मात्र जागची हलत नाही. १ किलोवर पहिली फक्त ०.०२ बार उरते आणि दुसरी ०.९५ बार कायम राहते. शिवाय कमी दाबाला संपृक्त तापमान दाबाबरोबर झपाट्याने बदलते. ४५ बारच्या आसपास एका बारच्या फरकाने तापमान जेमतेम दीड अंश हलते, तर १ बारचे २ बार झाले की ते ९९.६ वरून १२०.२ अंशांवर जाते. कॅलेंड्रियावरचा खरा निरपेक्ष दाब १९३ किलोपास्कल आहे, त्याचे तापमान ११९.१ अंश येते. म्हणजे १०१.३ धरल्याने तुमच्या हिशेबात तिथेही एक अंश जास्तीचा येत होता. बॉयलरवर तो दिसला नाही एवढेच.

प्रतिसाद ३

तक्त्यात सगळेच निरपेक्ष दाबात आणण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. भट्टीचा ड्राफ्ट उणे ५ मिलिमीटर पाणी असेल तर तो उणे ४९ पास्कल होतो. त्यात ९४.९ किलोपास्कल मिळवले की ९४.८५ असा आकडा येतो आणि ज्या बारीक चढउतारासाठी तो गेज लावला आहे, तोच त्यात बुडून जातो. ड्राफ्ट पास्कलमध्ये, गेज दाब म्हणूनच ठेवा. फिल्टरच्या किंवा एअर प्रीहीटरच्या दोन बाजूंमधला दाबफरकही तसाच ठेवा, कारण फरकाला वातावरणीय दाब मिळवणे निरर्थक आहे. कॉम्प्रेसरचा हिशेब सोपा आहे : १०० पीएसआय म्हणजे ६८९.५ किलोपास्कल गेज.

फीड पंपाचा हेड (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगितलेला दाब) मीटरमध्ये असेल, तर मात्र जपून. १० मीटर पाणी म्हणजे १ किलो, हे थंड पाण्यापुरते खरे आहे. डीएरेटरमधून (पाण्यातली विरघळलेली हवा काढणाऱ्या टाकीतून) येणाऱ्या १०५ अंशांच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ९५५ किलो असते, त्यामुळे ५०० मीटर हेडचा दाब ५० किलो न होता ४७.७ किलो होतो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या दाबाशी तुलना करताना हे सव्वादोन किलो महत्त्वाचे ठरतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ९४.९ धरून पुन्हा हिशेब केला आणि तिन्ही ठिकाणची तापमाने जुळली. यातूनच एक जुना वाद समोर आला आहे. टर्बाइनच्या कागदपत्रांत कंडेन्सरचा दाब ०.१ एटीए दिला आहे. त्यावरून ६८६ मिलिमीटर व्हॅक्यूम मिळायला हवा, असे आमच्याकडे धरले जाते. प्रत्यक्षात ६३५ ते ६४० च्या पुढे काटा जात नाही, म्हणून कंडेन्सरच्या नळ्यांना आणि इजेक्टरला (आतली हवा खेचून काढणाऱ्या साधनाला) दोष दिला जातो. एटीए हा निरपेक्ष दाबच ना?

प्रतिसाद २ चे लेखक

होय. एटीए म्हणजे निरपेक्ष मोजलेले तांत्रिक वातावरण, म्हणजेच किलो प्रति चौरस सेंटिमीटर निरपेक्ष, पाठ्यपुस्तकातल्या १०१.३२५ च्या वातावरणाशी त्याची गल्लत करू नये. ०.१ एटीए म्हणजे ९.८१ किलोपास्कल, पाऱ्याचे ७३.६ मिलिमीटर. समुद्रसपाटीवर तेवढ्यासाठी ७६० वजा ७३.६, म्हणजे ६८६ मिलिमीटर व्हॅक्यूम लागेल. तुमच्याकडे ७१२ वजा ७३.६, म्हणजे ६३८ मिलिमीटर पुरतो. तुमचा कंडेन्सर आजच हमीचा दाब देतो आहे. तुमच्या उंचीवर ६८६ चा हट्ट धरला तर आत २६ मिलिमीटर निरपेक्ष दाब उरेल आणि त्याचे संपृक्त तापमान २७ अंशांहूनही किंचित कमी आहे. कूलिंग टॉवरचे पाणीच ३० अंशांचे असेल, तर नळ्या कितीही घासल्या तरी ते साधणार नाही.

प्रतिसाद ३ चे लेखक

आणखी एक गोष्ट तक्ता पक्का करण्यापूर्वी पाहा. व्हॅक्यूमचे काही ट्रान्समीटर मुळातच निरपेक्ष दाब मोजणारे असतात. त्यांच्या वाचनात पुन्हा ९४.९ मिळवले गेले, तर नवाच घोळ होईल. प्रत्येकाची नामपट्टी वाचून एककाशेजारी गेज की निरपेक्ष हे वेगळ्या रकान्यात लिहा. दशांशांचा सोस मात्र नको. पूर्ण मापाच्या एक टक्का अचूकतेचा ० ते ७० किलोचा गेज ०.७ किलोने इकडे-तिकडे असू शकतो, तेव्हा ९८.०६६५ ऐवजी ९८.०७ वापरल्याने काही बिघडत नाही. त्याच दर्जाचा ७६० मिलिमीटरचा व्हॅक्यूम गेज ७.६ मिलिमीटरने चुकू शकतो आणि तुमच्या पॅनमधल्या ७२ मिलिमीटरवर ती चूक दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे तापमानात दोन अंशांची होते. पॅनसाठी निरपेक्ष दाबाचा वेगळा ट्रान्समीटर मागून घ्या. बॉयलरच्या गेजला सध्या हात लावण्याची गरज दिसत नाही.