कूलंटचा रंग नव्हे, प्रकार बघा

वर कुणीतरी लिहिलंय की टाकीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हिरवं असेल तर हिरवं टाका, लाल असेल तर लाल. हे मला धोक्याचं वाटतं. रंग हा फक्त रंग असतो, त्याला कुठलंही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंगवते. बघायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटवाल्या आयएटी (अजैविक गंजरोधक असलेल्या) कूलंटचं आयुष्य साधारण २ वर्षं, ओएटीचं (सेंद्रिय आम्लांचे गंजरोधक असलेल्याचं) ५ किंवा जास्त. दोन्ही एकत्र झाली की गंजरोधक घटक निकामी होतात, कधी कधी गाळही धरतो, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आधी तुंबतात. प्रकार बदलायचाच असेल तर आधी सिस्टिम पूर्ण फ्लश करा, म्हणजे जुनं सगळं काढून आतून धुऊन घ्या.

कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटरच वापरा, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणंही चूकच. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण शुद्ध एथिलीन ग्लायकॉल (कॉन्सन्ट्रेटमधला मुख्य घटक) उणे १३ च्या आसपासच गोठतं! शिवाय ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरची कॅप उघडू नका, ही कळकळीची विनंती. भरून झाल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा आणि मॅन्युअलप्रमाणे हवा काढा. अडकलेल्या हवेमुळे नवीन कूलंट असूनही गाडी तापते. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.