जपानला जाऊन शिल्पकला शिकवणारा इटालियन रागुझा, याचं करिअर यशस्वी म्हणायचं का?

माती_साचा_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी गणपतीच्या मूर्तींचं काम पहिल्यापासून चालतं त्यामुळे मातीत हात लहानपणापासूनच. सेमिनारसाठी मी विन्चेन्झो रागुझा हा शिल्पकार घेतलाय. सिसिलीतल्या पालेर्मोचा, जन्म 1841, तरुणपणी इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या फौजेत गेला, मग शिल्पकार झाला आणि 1876 ला थेट टोकियोत सरकारी कलाशाळेत शिकवायला. तिथे सहा वर्षं काढली, परत पालेर्मोला येऊन जपानी कलांची शाळा काढली, तीही जशी ठरवली तशी चालली नाही. इकडे टोकियोतली शाळापण 1883 ला बंद. आता आमचे सर म्हणतात की दोन्हीकडे अर्धवटच राहिलेला माणूस आहे, दुसरा कुणी मोठा घे. मला ते पटत नाहीये पण उत्तर नीट मांडता पण येत नाहीये. परक्या मुलखात जाऊन शिकवलं आणि शाळाच बंद पडली तर मागे काय उरतं? कुणी वाचलं असेल, बघितलं असेल तर सांगा प्लीज, शुक्रवारी बोलायचंय.

कारखाना_काका
बाळा विषय एकदम चांगला घेतलास, सोडू नको. मी इतिहासवाला नाही, पुतळ्यांच्या कामातला आहे, तेवढंच बोलतो. जपानमध्ये तेव्हा मोठी परंपरा लाकूड कोरायची, देवळातल्या बुद्धमूर्ती वगैरे. कोरणं म्हणजे काढत जाणं, एकदा छिन्नी लागली की लागली. रागुझाने नेलं ते भरत जाणं, म्हणजे आधी आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, त्यावर माती, समोर जिवंत माणूस बसलेला, मग प्लास्टरचा साचा आणि पुढे ब्राँझ. हे वाचायला एका ओळीत संपतं पण हातात बसायला वर्षं जातात. वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, तू केला असशीलच, पहिला कोट पातळ आणि त्यात नीळ टाकायची, का, तर नंतर साचा फोडताना निळा रंग दिसला की छिन्नी हळू कर, खाली नाक आहे. असल्या गोष्टी पुस्तकातनं येत नाहीत रे, शेजारी उभा राहून कुणीतरी हात धरून दाखवावं लागतं. सहा वर्षं एक माणूस रोज तिथे उभा राहून हे दाखवत होता, ह्याला अर्धवट कसं म्हणायचं? शाळा बंद झाली तरी पोरांच्या हातातलं कसं बंद होणार. त्याचा चेला ओकुमा उजिहिरो, त्याने 1893 ला टोकियोत यासुकुनी देवस्थानापुढे ओमुरा मासुजिरो या लष्करी सुधारकाचा ब्राँझ पुतळा उभा केला, जपानमधला पाश्चात्त्य पद्धतीचा पहिला ब्राँझ पुतळा म्हणून तोच सांगतात. शाळा बंद होऊन दहा वर्षं झालेली तेव्हा! सरांना हे पहिलं दाखव.

रेघोटी_पुणे
काकांचं तंत्राचं अगदी बरोबर, मी मागचं थोडं सांगते.

ती शाळा शिक्षण खात्याची नव्हती, बांधकाम-उद्योग बघणाऱ्या मंत्रालयाची होती, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला जोडलेली. म्हणजे तेव्हा जपान आधुनिक करायला निघालेल्या मेइजी सरकारच्या डोक्यात कला म्हणजे उपयोगाचं तंत्र, इमारती, उद्योग, आणि त्यासाठी इटलीतून तिघं आणले, चित्रकलेला आंतोनियो फोंतानेसी, शिल्पाला रागुझा आणि तिसरा कापेलेत्ती, तो वास्तुविशारद. फोंतानेसी आजारी पडून 1878 लाच परत गेला. मधे 1877 चं सात्सुमाच्या सामुराईंचं बंड, त्यात सरकारचा पैसा आटला, आणि वर वारं फिरलं, आपलं ते जुनं जपा असं म्हणणारे कलाअभ्यासक, जपानी ओकाकुरा, अमेरिकन फेनोलोसा वगैरे पुढे आले. 1889 ला टोकियोत नवी कलाशाळा उघडली तर तिच्यात सुरुवातीला पाश्चात्त्य शिल्पकला नाहीच, लाकूडकोरीव काम! त्यामुळे रागुझाची शाळा पडली ती काही त्याच्या हातात काही कमी होतं म्हणून नाही, हे ठासून सांग.

आणि आपल्याशी तुलना जरूर कर. आपल्याकडे मुंबईचं जेजे कलाविद्यालय 1857 ला निघालं, 1865 ला लॉकवुड किपलिंग आला इमारतींचं शिल्पकाम शिकवायला, क्रॉफर्ड मार्केटवर त्याचं काम आजही आहे. त्याच जेजेतून शिल्पकार म्हात्रे आले, त्यांची 1896 ची मंदिरपथगामिनी, देवळाकडे निघालेली बाई, प्लास्टरमधली. तंत्र तेच युरोपचं. पण आपल्याकडे शिकवणारा राज्यकर्त्यांचा माणूस होता आणि जपानने रागुझाला स्वतःच्या तिजोरीतून पगार देऊन करारावर ठेवलं होतं, नको झालं तेव्हा करार संपवला. शिकणाऱ्याच्या हातात दोर होता. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, दोन संस्कृतींमध्ये काम म्हणतो तेव्हा पैसे कोण देतंय आणि नको म्हणायचा हक्क कुणाला आहे हे आधी बघायला पाहिजे.

उएनोतला_सोलापूरकर
अरे वा, आपल्या गावचा पोरगा रागुझावर बोलणार, लई भारी वाटलं. मी नोकरीसाठी टोकियोत असतो. इथल्या उएनो भागात रागुझाचं जपानी स्त्रीचं अर्धशिल्प बघितलंय. इथे येणारे बरेच युरोपियन लोक जपानी बाईला पंखा, फुलं, नाजूक बाहुली असंच दाखवायचे, ह्याने तसं काहीच केलं नाही. साधा चेहरा, गळ्याशी किमोनोचा जाड पदर एकावर एक आलेला, ओठ मिटलेले, आणि बाई कुणाला खूश करायला बसलेली नाही हे स्पष्ट दिसतं. त्याने सुतार पण केलाय, नट पण केलाय. नुसता राजेमहाराजांच्या मागे गेला नाही, कामकरी माणसाला समोर बसवून नीट बघितलं. शिकवायला गेलेला माणूस तिथलं बघायला पण शिकला असं मला तरी वाटतं.

माती_साचा_सोलापूर
काका, ताई, दादा, खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता पालेर्मोचं कुणी सांगेल का? तिथली शाळा का अडली? कारण सर तिथेच पकडणार मला.

रेघोटी_पुणे
सांगते. 1882 ला तो परतला तेव्हा जपानी वस्तूंचा मोठा संग्रह आणि तीन माणसं सोबत होती. कियोहारा तामा, चित्रकार, जिच्याशी पुढे त्याने लग्न केलं, तिची बहीण आणि बहिणीचा नवरा. बहीण भरतकाम शिकवणार, मेव्हणा लाखकाम, म्हणजे वस्तूंवर चकाकता थर चढवायचं काम, तामा चित्रकला. शाळा सुरूही झाली. पण जपानी लाखकाम होतं एका झाडाच्या चिकावर, ते झाड सिसिलीत नाही, माल जपानहून मागवायचा तर परवडेना. बहीण-मेव्हणा काही वर्षांत परत गेले. तुझ्या सोलापूरचंच घे ना, पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलंगणातून माग आणि हात घेऊन आले, पण इथे त्यांना सूत मिळालं, बाजार मिळाला म्हणून चादर उभी राहिली. कसब माणसाबरोबर प्रवास करतं, कच्चा माल करतोच असं नाही.

तरी शाळा मेली नाही हां, रूप बदलून कलाशिक्षणाचीच संस्था राहिली आणि आज पालेर्मोतल्या त्या कलाविद्यालयाला रागुझा आणि ओतामा (म्हणजे तामाच) कियोहारा अशी दोघांची नावं आहेत. संग्रह रोमच्या पिगोरिनी संग्रहालयात गेला. आणि तामावर स्वतंत्र स्लाइड कर, विसरू नको! ती पालेर्मोत पन्नासेक वर्षं राहिली, तिथे चित्रकार म्हणून नाव कमावलं, 1927 ला रागुझा वारला, ही 1933 ला जपानला परतली तेव्हा जपानी बोलणं जवळपास विसरलेली होती. त्याची शिल्पं टोकियोच्या कलाशाळेला तिनेच दिली. ती नसती तर उएनोतल्या दादांना बघायला काय मिळालं असतं?

कारखाना_काका
तामाताईंचं माहीत नव्हतं, छान सांगितलंत.
अजून एक, त्याने 1892 ला पालेर्मोत गॅरिबाल्डीचा घोड्यावरचा पुतळा केला, तो फोटो मोठा लाव. घोड्यावरचा पुतळा म्हणजे सगळं वजन चार बारीक पायांवर, आतला सांगाडा चुकला की खेळ खल्लास. एवढं काम ज्याला मिळालं आणि ज्याने उभं करून दाखवलं तो माणूस परतल्यावर संपला होता असं कुणी म्हणू नये. शुक्रवारच्या आधी एकदा कारखान्यावर ये, वेस्ट मोल्डचा एक तुकडा देतो, निळ्या कोटासकट. वर्गात हातात फिरव, पोरांना लगेच कळेल.

माती_साचा_सोलापूर
उद्या संध्याकाळी येतो काका. तामाची स्लाइड केली, आणि ताई, पगार कोण देत होतं तो मुद्दा मी अगदी सुरुवातीलाच घेतोय.