अनुभव धागा : कॉलेजात खेळले आणि शाळेत कोच झाले

मृणाल_ईस्टबे
मुलगा यंदा हायस्कूलच्या फ्रेशमन (नववीच्या) फुटबॉल टीममध्ये आहे. आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेटवाला. परवा टीमच्या जेवणात त्याचे कोच बोलता बोलता म्हणाले, कॉलेजात लाइनमन (पुढच्या रांगेत भिडणारा खेळाडू) होतो, गुडघा गेला, मग शिकवायला लागलो. मला थेट आमचे पीटीचे सर आठवले. विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेले, पण स्वतःहून कधी सांगायचे नाहीत.

आमच्या भागात हा विषय निघाला की बॉब लॅडसूर यांचं नाव आधी. कॅलिफोर्नियात कॉनकॉर्डला डे ला सॅल ही मुलांची कॅथलिक शाळा आहे. सॅन होजे स्टेटकडून खेळलेला हा माणूस १९७९ मध्ये तिथे कोच झाला. तोवर शाळेचा एकही हंगाम हारपेक्षा जीत जास्त असा गेलेला नव्हता. पुढे १९९२ पासून सलग १५१ सामने जिंकले! २०१३ च्या जानेवारीत पद सोडलं तेव्हा ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरी. सगळं एकाच शाळेत, आणि वर्गावर धर्म हा विषय शिकवत.

मला मोठी वाटते ती त्यांची कार्डांची पद्धत. या आठवड्यात सरावात काय करणार, सामन्यात काय करणार, हे प्रत्येक मुलाने कार्डावर लिहायचं, सगळ्यांसमोर वाचायचं आणि जोडीदाराच्या हातात द्यायचं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकमेकांना शब्द देतात. तुमचे असे सर, मॅडम असतील तर लिहा ना.

पावसाळी_सिएटल
ती १५१ ची मालिका तोडली आमच्या बेलव्ह्यू हायस्कूलने! सप्टेंबर २००४, ३९-२०. इथले जुने लोक अजून सांगतात. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

रंकाळ्याचा_पोरगा
कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पायानेच, ताई :) आमचे सर शिवाजी विद्यापीठाकडून खेळलेले, शिवाय पेठेच्या तालमीकडून. शाहू स्टेडियमवर त्यांच्या नावाने शिट्ट्या पडायच्या. मग बीपीएड केलं आणि शाळेत लागले. पहाटे आम्ही पोचायच्या आधी सर ग्राउंडवर फक्की मारत असायचे. दोरी लावून, वाकून, पेनल्टीचा ठिपकासुद्धा स्वतः. एका टोकाला शिपाईमामा दोरी धरून.
शाळेच्या टीममध्ये निम्मी पोरं पाटाकडीलच्या घरातली, निम्मी दिलबहारची, म्हणजे एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या दोन तालमींची. घरी एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. सर मुद्दाम त्यांनाच जोडीने पास द्यायला लावायचे. त्यातले दोघे आज पार्टनर आहेत, गॅरेज आहे त्यांचं.

अ‍ॅलनकर
टेक्सासात या. आमच्या अ‍ॅलनच्या हायस्कूलचं स्टेडियम १८,००० प्रेक्षकांचं आहे. शुक्रवारी रात्री गाव रिकामं, सगळे तिथे. पण लोकांना दिसतो तो शुक्रवार. लेकीला इतिहास शिकवणारे सर कोचिंग स्टाफवर आहेत. शनिवारी सकाळी सामन्याचा व्हिडिओ बघत बसतात, रविवारी पुढच्या टीमचा, सोमवारी पहिल्या तासाला वर्गात हजर. त्यांची बायको काय म्हणत असेल हा मला कायम पडणारा प्रश्न.

शमा_नाशिक
बायकोवरून आठवलं, आमच्या खो-खोच्या मॅडम. कॉलेजात असताना राज्य पातळीवर खेळलेल्या. लग्नानंतर खेळ सुटला, नोकरी शाळेत. माझं नाव टीममधून काढा म्हणून आई शाळेत आली होती, दहावीचं वर्ष. मॅडम संध्याकाळी घरी आल्या, चहा घेतला, आणि आईला म्हणाल्या, "हिचा गणिताचा अभ्यास मी घेते, तुम्ही फक्त पाचला सोडा हिला." घेतला हो! मैदानाच्या कट्ट्यावर बसवून त्रिकोणमिती. त्या नसत्या तर मी आज पोलिसात नसते.

मृणाल_ईस्टबे
@शमा, वाचून डोळे भरले.

दोन_पोरांची_आई
मृणाल, डोक्याला मार लागायची भीती नाही वाटत का गं? माझा सातवीत आहे, मागे लागलाय.

मृणाल_ईस्टबे
वाटते ना, खूप. पण कॅलिफोर्नियात २०१५ पासून कायदा आहे, अंगावर धडकायचा सराव आठवड्यातून दोनदाच, तोही दीड तासापर्यंतच. कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) निघालं तर किमान सात दिवस हळूहळूच परत आणतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोच स्वतः जखमी होऊन बाहेर पडलेला असला की तो घाई करत नाही, हा माझा अनुभव. पहिल्या मीटिंगला सरळ विचार त्यांना.

पावसाळी_सिएटल
आले. मृणाल, टीमच्या जेवणाला काय केलं होतंस? पुढच्या गुरुवारी माझी पाळी आहे, चाळीस पोरं.

मृणाल_ईस्टबे
पास्ता आणि चिकन. पण पावभाजीचा एक ट्रे ठेवला होता, तो आधी संपला. पाव दुप्पट घे.

रंकाळ्याचा_पोरगा
चाळीस पोरांना दुप्पट पुरत नाहीत ताई, तिप्पट घ्या.