समारंभ एका दिवसाचा, यादी वर्षभराची

१९४५च्या अणुबॉम्बमधल्या मृतांच्या स्मरणार्थ हिरोशिमात दर ६ ऑगस्टला होणारा कार्यक्रम म्हणजे नेत्यांची भाषणं आणि कबुतरं सोडणं, बाकी वर्षभर काही नाही, असं काही जण म्हणतात. भाषणांबद्दल मान्य, ती ऐकून मलाही दरवर्षी तेच वाटतं. पण सकाळी ८ वाजता, म्हणजे घंटा वाजून सगळे स्तब्ध उभे राहतात त्या ८:१५ च्या आधी, जे घडतं त्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. स्मारकाच्या कमानीखाली दगडी पेटी आहे आणि तिच्यात मृतांच्या नावांच्या वह्या. गेल्या वर्षभरात जे बॉम्बपीडित वारले, किंवा ज्यांच्या मृत्यूची खात्री झाली, त्यांची नावं हाताने, कुंचल्याने लिहून त्या दिवशी पेटीत ठेवतात.

म्हणजे १९४५ची ती यादी अजून बंद झालेली नाही. नावं ३ लाख ४० हजारांच्या वर गेली आहेत. एक वही तर ज्यांची नावंच कळली नाहीत त्यांच्यासाठी आहे, माझ्या मनाला सगळ्यात जास्त तीच लागते. दरवर्षी मे महिन्यात या वह्या बाहेर काढून, पांढरे हातमोजे घालून, पान न् पान उलटून वारा देतात, दमट हवेने कागद खराब होऊ नये म्हणून. त्या वेळी तिथे भाषण नसतं.