कॅटरपिलर डी-२ : पिवळा की राखाडी?

प्रश्न : १९४७चा डी-२ (कॅटरपिलर कंपनीचा साखळीवर चालणारा ट्रॅक्टर) रंगवायचाय. मूळ रंग कोणता? सँडब्लास्टिंग (हवेच्या दाबाने वाळू मारून जुना रंग काढणं) करू का?

उत्तर १ : पिवळाच. कंपनीने राखाडी डिसेंबर १९३१मध्येच सोडला, डी-२ आला १९३८मध्ये. ब्लास्टिंग फक्त सुट्या पत्र्यांवर. वाळू सील आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) आत गेली की बेअरिंग संपलंच. बाकी अंगाला आधी ग्रीस खरवडा, मग डिग्रीझर, तारेचा ब्रश. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका.

उत्तर २ : उघड्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, रात्रीत गंज धरतो. नंतर इनॅमल रंगाचे दोन पातळ हात. मशीनच्या सिरियल नंबरची पट्टी रंगाआधी झाका.

उत्तर ३ : आणि साखळीच्या पिनांना तेल नको! माती चिकटून पॉलिशपेपरसारखी झिजवते.