अ‍ॅमस्टरडॅमहून एका दिवसात: हार्लेम की उत्रेख्त?

प्रश्न: डिसेंबरअखेर जातोय. कालव्यांचं कुठलं गाव बघावं?

उत्तर १: उत्रेख्तच. रेल्वेने जेमतेम अर्धा तास. आउदेग्राख्त या तिथल्या जुन्या कालव्याचा काठ दुमजली आहे: वर रस्ता, खाली पाण्यालगत जुन्या तळघरांची दारं. खाली उतरून चालाच! फरसबंदी ओली असते, गुळगुळीत तळव्याचे बूट सटकतात.

उत्तर २: सूर्य पावणेनऊला उगवतो, साडेचारला मावळतो. नऊची गाडी धरा, जेवण अंधार पडल्यावर. निघायला उशीर झाला तर हार्लेम बरं, वीसेक मिनिटांत पोचता.

उत्तर ३: रेल्वेचं भाडं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करून भरणार असाल, तर ते प्रत्येकाचं वेगळं हवं. चढताना प्लास्टिक कार्ड आणि उतरल्यावर फोन टॅप केलात तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवास वाटतात, जादा पैसे कापले जातात.